निर्देशक प्रतलावर बिंदू कसा दाखवायचा: पहिल्या रेघेपासून महाराष्ट्राच्या नकाशापर्यंत

महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या गणित भाग २ मध्ये 'निर्देशक भूमिती' हे प्रकरण आहे. मुलांना ते सोपं वाटतं आणि ते आहेही सोपं. तरी वह्या तपासायला घेतल्या की एकच बिंदू वेगवेगळ्या मुलांनी वेगवेगळ्या जागी दाखवलेला सापडतो. या चुका आकडेमोडीच्या नसतात. अक्ष कुठे काढला, आकडे कुठे लिहिले, मोजायला सुरुवात कुठून केली, यात त्या दडलेल्या असतात. या तीन सवयी सहावी-सातवीतच नीट लागल्या, तर पुढे रेषेचा आलेख, दोन चलांतली समीकरणं, विज्ञानातले वेग-काळाचे आलेख हे सगळं हलकं होतं. पूर्वतयारी एवढीच हवी, की धन आणि ऋण पूर्णांक संख्यारेषेवर दाखवता आले पाहिजेत.

कागद आणि अक्ष

पहिला सराव आलेख कागदावर करू नका. मिलिमीटरच्या बारीक रेघांच्या जाळीत नवख्या डोळ्याला कोणती रेघ धरायची तेच कळत नाही. चौकटीची वही घ्या, पेन्सिलला टोक करा, पट्टी घ्या. हात बसला की मग आलेख कागद.

पानाच्या साधारण मधली एक छापील आडवी रेघ निवडा आणि पट्टीने ती गडद करा. हा एक्स-अक्ष. तशीच मधली एक उभी रेघ गडद करा. हा वाय-अक्ष. दोन्ही अक्ष छापील रेघेवरच यायला हवेत. दोन रेघांच्या मधून अक्ष काढला, की पुढचा प्रत्येक आकडा अर्ध्या चौकटीने सरकतो आणि मग कितीही काळजीपूर्वक मोजलं तरी उपयोग होत नाही.

अक्षांच्या टोकांना बाण काढा, कारण या रेषा कागदापाशी संपत नाहीत. उजव्या टोकाशी 'एक्स' आणि वरच्या टोकाशी 'वाय' लिहा. दोन अक्ष जिथे छेदतात तो आरंभबिंदू. तिथे शून्य लिहा.

आकडे रेघेवर, चौकटीत नाही

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. अनेक मुलं शून्याच्या शेजारच्या चौकटीच्या पोटात १ लिहितात, पुढच्या चौकटीच्या पोटात २. मग बिंदूसुद्धा चौकटीच्या मधोमध जातो.

ही सवय कुठून येते तेही समजण्यासारखं आहे. बुद्धिबळाच्या पटावर 'ई ४' म्हणजे एक अख्खं घर. एक्सेलमध्ये 'बी ३' म्हणजे एक अख्खा खाना. तिथे नाव जागेच्या तुकड्याला दिलेलं असतं. निर्देशक प्रतलावर मात्र आकडा रेघेचा असतो आणि बिंदू बसतो तो एका उभ्या आणि एका आडव्या रेघेच्या छेदावर. म्हणून एक्स-अक्षावर शून्याच्या उजवीकडची पहिली उभी रेघ जिथे अक्षाला छेदते, तिच्या बरोबर खाली १ लिहा. दुसऱ्या रेघेखाली २. वाय-अक्षावर पहिल्या आडव्या रेघेच्या समोर १, दुसरीच्या समोर २.

ऋण बाजूलाही मोजणी शून्यापासूनच. एक्स-अक्षावर शून्याच्या डावीकडे −१, −२, −३ असं लांब लांब जायचं. वाय-अक्षावर शून्याच्या खाली −१, त्याच्या खाली −२. काही मुलं वाय-अक्षावर पानाच्या तळापासून वर मोजत येतात. मग −१ सगळ्यात खाली पडतो आणि −६ शून्याला चिकटतो. एकदा संख्यारेषा आठवा: −६ हा −१ पेक्षा शून्यापासून दूर असतो. तीच संख्यारेषा इथे उभी केली आहे, नियम बदललेला नाही.

शेवटी उजव्या वरच्या कोपऱ्यात प्रमाण लिहा. चौकटीच्या वहीत 'दोन्ही अक्षांवर १ चौकट = १ एकक', आलेख कागदावर 'दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक'. परीक्षेत प्रमाण राहून गेलं तर गुण जाऊ शकतो. गुणांची गोष्ट सोडली तरी, प्रमाण नसेल तर तुमचा आलेख दुसऱ्या कुणाला वाचताच येत नाही.

पहिला बिंदू: (४, ३)

कंसातल्या दोन संख्या हा एक पत्ता आहे. पहिली संख्या एक्स निर्देशक, दुसरी वाय निर्देशक. एक्स निर्देशक डावं-उजवं सांगतो, वाय निर्देशक वर-खाली.

पेन्सिलचं टोक आरंभबिंदूवर ठेवा. कागदावर न टेकवता, किंचित वर धरून. आता एक्स-अक्षावरून उजवीकडे सरका: एक, दोन, तीन, चार. थांबा. इथे ठिपका देऊ नका, अजून अर्धंच काम झालंय. या जागेवरून सरळ वर चढा: एक, दोन, तीन. आता तुम्ही ४ च्या उभ्या रेघेवर आहात आणि ३ च्या आडव्या रेघेवरही आहात. ठिपका इथे. शेजारी नाव आणि निर्देशक लिहा: अ(४, ३).

'इथे ठिपका देऊ नका' हे मुद्दाम सांगितलं. (४, ३) वाचून एक्स-अक्षावर ४ पाशी एक ठिपका आणि वाय-अक्षावर ३ पाशी दुसरा ठिपका देणारी मुलं पुष्कळ असतात. त्यांना वाटतं, दोन संख्या आहेत म्हणजे दोन ठिपके. एका जोडीचा एकच बिंदू. असे दोन ठिपके पडलेच असतील, तर पहिल्यातून उभी आणि दुसऱ्यातून आडवी रेघ पुढे न्या. त्या जिथे भेटतील तोच तुमचा बिंदू.

दुसरा बिंदूही आरंभबिंदूपासूनच मोजायचा. (४, ३) झाल्यावर (२, ५) घ्यायचा असेल तर पेन्सिल उचलून परत शून्यावर आणा. आधीच्या बिंदूपासून पुढे मोजलं तर तुम्ही (६, ८) वर पोचाल.

ऋण चिन्ह आलं की

ऋण चिन्ह फक्त दिशा उलटी करतं. एक्स निर्देशक ऋण असेल तर डावीकडे जा. वाय निर्देशक ऋण असेल तर खाली उतरा. (−३, ५) साठी शून्यापासून डावीकडे ३, मग वर ५. (−२, −४) साठी डावीकडे २, मग खाली ४. (५, −१) साठी उजवीकडे ५, खाली १.

सुरुवातीचे काही दिवस पेन्सिल हलवताना हे तोंडाने बोला: 'डावीकडे तीन, वर पाच.' चिन्ह आणि दिशा यांची सांगड बोलण्यातून जितकी पक्की बसते तितकी नुसतं बघून बसत नाही. पालक घरी सराव घेत असतील तर त्यांनी उत्तर तपासण्याआधी मुलाला वाट बोलायला सांगावी. चूक कुठे होते ते लगेच ऐकू येतं.

दोन अक्षांमुळे प्रतलाचे चार भाग पडतात. त्यांना चरण म्हणतात. उजवीकडे वरचा भाग पहिला चरण, आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने दुसरा, तिसरा, चौथा. पहिल्या चरणात दोन्ही निर्देशक धन. दुसऱ्यात एक्स ऋण, वाय धन. तिसऱ्यात दोन्ही ऋण. चौथ्यात एक्स धन, वाय ऋण. हे पाठ करायची गरज नाही. डावीकडे गेलात की एक्स ऋण, खाली उतरलात की वाय ऋण, एवढ्यावरून कोणताही चरण आपोआप निघतो. उपयोग मात्र करून घ्या. बिंदू दाखवण्याआधीच 'हा दुसऱ्या चरणात पडणार' असं म्हणा. ठिपका तिथे पडला नाही तर काहीतरी चुकलंय.

शून्य: छोटा आकडा, मोठा घोटाळा

(०, −४) आणि (−४, ०) यांत कोणता कुठल्या अक्षावर? विचारून बघा, चांगली हुशार मुलंही अडखळतात. 'एक्स शून्य आहे म्हणजे एक्स-अक्षावर' असं मनात येतं आणि उत्तर नेमकं उलटं होतं.

इथे नियम आठवू नका, चाला. (०, −४): आडवं शून्य, म्हणजे डावीकडे-उजवीकडे हलायचंच नाही. मग खाली ४. तुम्ही वाय-अक्षावरून सरळ खाली उतरलात, म्हणून बिंदू वाय-अक्षावर. (−४, ०): डावीकडे ४, मग वर-खाली काहीच नाही. बिंदू एक्स-अक्षावरच राहिला. एक्स-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूचा वाय निर्देशक शून्य असतो, कारण तो अक्ष सोडून वर किंवा खाली गेलेलाच नसतो.

अक्षांवरचे बिंदू कोणत्याच चरणात धरत नाहीत. 'बिंदू कोणत्या चरणात आहे?' या प्रश्नात (०, ३) सारखा एखादा बिंदू हमखास दिलेला असतो. त्याचं उत्तर 'वाय-अक्षावर' एवढंच.

क्रम बदलला की जागा बदलली

(२, ५) आणि (५, २) दोन्ही दाखवा. पहिला उंच आणि डावीकडे, दुसरा बुटका आणि उजवीकडे. म्हणून या जोडीला क्रमित जोडी म्हणतात. दोन्ही निर्देशक सारखे असतील, उदाहरणार्थ (३, ३), तरच अदलाबदल केल्याने काही बिघडत नाही. म्हणूनच सरावासाठी असे बिंदू देऊ नयेत, त्यांत चूक झाकली जाते.

आधी आडवं, मग उभं हा क्रम सगळ्या जगाने ठरवून घेतलेला संकेत आहे. दोन संख्यांच्या मदतीने भूमिती आणि बीजगणित जोडण्याची ही कल्पना फ्रेंच गणिती रेने देकार्त यांनी १६३७ साली छापलेल्या ग्रंथात मांडली. त्याच सुमारास पिएर द फर्मा यांनीही ती स्वतंत्रपणे शोधली होती. आज आपण काढतो तसे चार चरणांचे अक्ष देकार्त यांच्या ग्रंथात नव्हते. ते रूप पुढच्या गणितींच्या हातून घडत गेलं. छतावर फिरणारी माशी बघून देकार्त यांना हे सुचलं, ही वर्गात सांगितली जाणारी गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला विश्वासार्ह आधार नाही.

पतंग काढून स्वतःला तपासा

आता एक चित्र. एक्स-अक्षावर −६ ते ६ आणि वाय-अक्षावरही −६ ते ६ असे आकडे घाला. पुढचे बिंदू दाखवा आणि त्याच क्रमाने पट्टीने जोडत जा:

(०, ६), (५, १), (०, −४), (−५, १), आणि परत (०, ६).

मग शेपटी: (०, −४), (२, −६), (−२, −६), आणि परत (०, −४).

संक्रांतीचा पतंग तयार झाला पाहिजे. वर टोक, खाली त्रिकोणी शेपटी. हे बिंदू विचारपूर्वक निवडले आहेत. शून्य आहे, दोन्ही बाजूंची ऋण चिन्हं आहेत, अक्षावरचे बिंदू आहेत. त्यामुळे चित्र चुकलं तर नेमकं काय चुकलं ते चित्रच सांगतं. पतंग आडवा पडला, टोक उजवीकडे आणि शेपटी डावीकडे गेली? तुम्ही एक्स आणि वायची अदलाबदल केली. शेपटी पतंगाच्या पोटात शिरली? खाली जायच्या ऐवजी वर मोजलंत. एखादी कड वाकडी आली? त्या कडेच्या दोन टोकांपैकी एक बिंदू परत मोजा.

पतंगाचा कणा (०, ६) पासून (०, −४) पर्यंत आहे. त्याची लांबी किती? ६ − ४ = २ असं लिहिणारे भेटतात. चौकटी मोजा: शून्याच्या वर ६, खाली ४, एकूण १०. एकाच उभ्या किंवा आडव्या रेघेवरच्या, पण अक्षाच्या दोन बाजूंना असलेल्या बिंदूंमधलं अंतर काढताना चिन्ह विसरून आकड्यांची बेरीज करायची, एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. आडवा कर्ण (−५, १) पासून (५, १), तोही १०. दोन्ही कर्ण समान, एकमेकांना काटकोनात मधोमध छेदणारे. म्हणजे हा पतंग टोकावर उभा केलेला चौरसच आहे. क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं, ५० चौरस एकक.

असाच एक प्रश्न परीक्षेच्या धाटणीचा: आयताचे तीन शिरोबिंदू (−२, −१), (४, −१), (४, ३) आहेत, चौथा शोधा. सूत्र शोधू नका, बिंदू दाखवा. चौथा कोपरा पहिल्या बिंदूच्या बरोबर वर आणि तिसऱ्याच्या बरोबर डावीकडे असणार. म्हणून एक्स पहिल्याचा, वाय तिसऱ्याचा: (−२, ३). बाजू ६ आणि ४, परिमिती २०, क्षेत्रफळ २४.

दशांश आणि प्रमाण

आता आलेख कागद काढा. १ सेंमी = १ एकक घेतलं तर एक बारीक रेघ म्हणजे ०.१. (२.५, १.३) साठी २ च्या पुढे पाच बारीक रेघा आणि १ च्या वर तीन. ऋण दशांशात मात्र सांभाळा: −२.५ हा −२ आणि −३ यांच्या मध्ये असतो. डोळा सवयीने −२ च्या उजवीकडे, −१ च्या दिशेला जातो आणि −१.५ वर बिंदू पडतो.

आकडे मोठे असतील तर प्रमाण बदला. (१५, ४०), (३०, २५) असे बिंदू असतील तर १ सेंमी = ५ एकक घ्या. दोन अक्षांवर वेगळं प्रमाण घेतलं तरी चालतं, फक्त तसं लिहा. एकाच अक्षावर मात्र मध्येच प्रमाण बदलायचं नाही. ०, ५, १०, २०, ४० असे आकडे समान अंतरावर लिहिले, तर तो आलेख खोटं बोलतो.

महाराष्ट्राची शहरं आलेख कागदावर

आतापर्यंतचं सगळं ज्यात पणाला लागतं असा हा सराव आहे आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात आनंदाचा. अक्षांश-रेखांश हेही निर्देशकच. रेखांश पूर्व-पश्चिम जागा सांगतो, म्हणून तो एक्स. अक्षांश दक्षिण-उत्तर सांगतो, म्हणून तो वाय.

एक सापळा आधीच दाखवतो. मोबाइलच्या नकाशात पुण्याची जागा १८.५२, ७३.८६ अशी दिसते. तिथे अक्षांश आधी लिहितात, म्हणजे आपल्या भाषेत वाय आधी! आलेखासाठी जोडी उलटी करून (७३.९, १८.५) अशी घ्यायची. क्रमाला किती किंमत आहे ते बघायचं असेल तर नकाशाच्या शोधखिडकीत ७३.८६, १८.५२ असं उलटं टाका. पुण्याऐवजी तुम्ही नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड या बेटाजवळच्या समुद्रात पोचाल.

आलेख कागद आडवा धरा. एक्स-अक्षावर ७२ ते ८१ आणि वाय-अक्षावर १५ ते २२. प्रमाण २ सेंमी = १ अंश. म्हणजे १८ सेंमी रुंद आणि १४ सेंमी उंच जागा लागेल, आणि ०.१ अंश म्हणजे दोन बारीक रेघा. इथे अक्ष शून्यापासून सुरू होत नाहीत, ते ७२ आणि १५ पासून सुरू होतात. मधला भाग गाळला आहे हे कळावं म्हणून अक्षाच्या सुरुवातीला छोटी नागमोडी खूण करतात. मोजायचं ते कोपऱ्यापासून. पुण्यासाठी ७३.९ − ७२ = १.९ अंश, म्हणजे उजवीकडे ३.८ सेंमी. १८.५ − १५ = ३.५ अंश, म्हणजे वर ७ सेंमी.

आता बाकीची शहरं: मुंबई (७२.९, १९.१), नाशिक (७३.८, २०.०), रत्नागिरी (७३.३, १७.०), कोल्हापूर (७४.२, १६.७), सोलापूर (७५.९, १७.७), छत्रपती संभाजीनगर (७५.३, १९.९), जळगाव (७५.६, २१.०), नांदेड (७७.३, १९.२), अमरावती (७७.८, २०.९), नागपूर (७९.१, २१.१), चंद्रपूर (७९.३, २०.०), गडचिरोली (८०.०, २०.२). शेजारची ओळख म्हणून पणजीही घ्या: (७३.८, १५.५).

झालं की भिंतीवरच्या नकाशाशी ताडून बघा. मुंबई आणि रत्नागिरीवरून किनारा अंदाजाने ओढता येतो. पुणे आणि नाशिक जवळजवळ एकाच उभ्या रेघेवर आहेत, हे नकाशात सहसा लक्षात येत नाही, इथे दोन्हींच्या एक्स निर्देशकात फक्त ०.१ चा फरक दिसतो. तुमचं चित्र खऱ्या नकाशापेक्षा किंचित आडवं ताणलेलं वाटेल. ती तुमची चूक नाही. एक अंश अक्षांश म्हणजे सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर, पण रेखांशाच्या रेघा ध्रुवांकडे एकमेकींजवळ येतात. आपल्याकडे १९ अंशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर भरतो. आपण दोन्ही सारखेच २ सेंमी धरले.

आता पट्टीने मुंबई ते नागपूर मोजा. सुमारे १३ सेंमी येईल. या आडव्या-तिरक्या दिशेने १ सेंमी म्हणजे साधारण ५३ किलोमीटर, तेव्हा सरळ रेषेतलं अंतर ६९० किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच ७०१ किलोमीटर आहे. रस्ता सरळ रेषेत जात नाही, तो फरक इथे मोजून मिळतो.

मग मोबाइलवर आपल्या गावावर बोट दाबून धरा, येणाऱ्या दोन संख्या एका दशांश स्थळापर्यंत घ्या, त्यांचा क्रम उलटा करा आणि तो ठिपका वेगळ्या रंगाने दाखवा.